कोकणच्या सड्यावर एकट्याने माउंटन बाइकची फेरी करावी का?

करा, जरूर करा, फक्त ऋतू बघून. रत्नागिरी-राजापूरकडचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, पावसानंतर काही महिन्यांतच वाळवंटासारखा कोरडा पडतो. डिसेंबर-जानेवारीत भल्या सकाळी निघालात तर सर्वात उत्तम. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं, एप्रिल-मेमध्ये सावलीला झाड मिळत नाही.

पहिली फेरी आडिवरे-कशेळीची करा. आडिवऱ्याच्या महाकालीच्या देवळापासून निघून कशेळीचं कनकादित्य सूर्यमंदिर, पुढे देवघळीच्या कड्यावरून समुद्र बघून परत. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला भलामोठा हत्ती आहे. कातळशिल्पांवरून सायकल अजिबात नेऊ नका, लांबच उतरून चालत जा. हजारो वर्षं टिकलेल्या रेषा आहेत त्या.

एकट्याला खरा धोका चिरेखाणींचा, म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे काढायच्या खाणींचा. सरळ कापलेले खोल खड्डे, बहुतेकांना कुंपण नाही आणि कडेला उंच गवत. म्हणून मळलेली पायवाट सोडू नका, अंधाराआधी डांबरी रस्त्याला लागा. जांभ्याच्या कडा धारदार असतात, त्यामुळे टायरमधली हवा फार उतरवू नका. जादा ट्यूब, पंप आणि किमान 3 लिटर पाणी हवंच. रेंज सगळीकडे मिळत नाही. निघताना वाडीत कुणाला तरी सांगून जा, ‘काका, सड्यावरून फिरून येतो, दुपारपर्यंत परत येईन.’