'अन्वय' : व्याकरणातला आणि न्यायातला

श्लोकाचा अन्वय, न्यायशास्त्रातला (म्हणजे भारतीय तर्कशास्त्रातला) अन्वय-व्यतिरेक आणि सरकारी आदेशातले 'कलमान्वये' यांत शब्द एकच आहे का, अशी पृच्छा आहे. शब्द एकच. 'अनु' म्हणजे मागोमाग आणि 'इ' म्हणजे जाणे, त्यामुळे अन्वय म्हणजे अनुगमन. वंशालाही संस्कृतात अन्वय म्हणतात ते याचमुळे. कालिदासाच्या 'रघूणामन्वयं वक्ष्ये' (रघूंचा वंश वर्णीन) या वचनात तोच अर्थ आहे.

व्याकरणात अन्वय म्हणजे वाक्यातील पदांचा परस्परसंबंध. वृत्तासाठी मागेपुढे झालेली पदे त्या संबंधानुसार लावली की श्लोकाचा अन्वय होतो. क्रियापद हाती धरून 'कोण, काय, कोणाला' असे विचारत जाण्याच्या पद्धतीला खंडान्वय म्हणतात.

न्यायशास्त्रात हा संबंध पदांचा नसून वस्तूंच्या साहचर्याचा, म्हणजे नेहमी एकत्र असण्याचा, असतो. 'जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर' हा अन्वय आणि 'जेथे अग्नी नाही तेथे धूर नाही, जसे सरोवर' हा व्यतिरेक. व्यतिरेकात क्रम उलटतो, हे पुष्कळांच्या नजरेतून सुटते. 'जेथे धूर नाही तेथे अग्नी नाही' असा सरळ नकार करून भागत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात धूर नसतानाही अग्नी असतो, हे नैयायिकांचे, म्हणजे न्यायशास्त्रज्ञांचे, ठरलेले उदाहरण आहे.

मला यात सर्वांत रोचक वाटते ते हे, की अन्वय-व्यतिरेकाची ही जोडी वैयाकरणांनीही वापरली आहे. पतंजलीने महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरील आपल्या भाष्यात, 'वृक्षः' आणि 'वृक्षौ' ही रूपे शेजारी ठेवून दाखवले आहे, की 'वृक्ष' हा अंश दोन्हीकडे टिकतो आणि झाड हा अर्थही टिकतो. मात्र एकवचनाचा प्रत्यय जाताच एकत्व जाते आणि 'औ' येताच द्वित्व येते. प्रकृतीचा, म्हणजे मूळ शब्दाचा, अर्थ कोणता आणि प्रत्ययाचा कोणता, हे अशा रीतीने वेगळे काढता येते.

राहिले 'कलमान्वये'. येथे 'अन्वये' हे तृतीयेचे रूप असून 'कलमाला अनुसरून' एवढाच त्याचा अर्थ आहे. तो शब्दयोगी अव्ययासारखा रुळल्यामुळे 'कलमा अन्वये' असे तोडून लिहू नये. 'अन्वयार्थ' हा शब्द मात्र हल्ली नुसत्या 'अर्था'च्या जागी सर्रास येतो, तो मला खटकतो. विखुरलेल्या गोष्टींचा परस्परसंबंध लावून जो अर्थ हाती येतो, त्यालाच अन्वयार्थ म्हणणे योग्य.