साडेतीन महिन्यांनी झाकलेली ८४ वर्षे

“आईला आठवायला बसले की नाकातली नळीच दिसते. तिच्या ८४ वर्षांतले मला दुसरे काहीच का आठवत नाही? मी तिला विसरले का?” आजारपणात घरच्या माणसाची दीर्घ सेवा केलेल्या अनेकांकडून समुपदेशक म्हणून मी हा प्रश्न ऐकला आहे. येथे मी एका थोरल्या लेकीची हकिगत सांगते. तिच्या परवानगीने लिहीत असले, तरी ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तिचे माहेर अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. तेथे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम चालले आणि त्यातून पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी ख्रिस्ती कुटुंबे उभी राहिली. तिची आई अशाच एका घरातली. ती शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे नातवंडांपासून मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, वडीलधाऱ्यांपर्यंत सगळे तिला ‘बाई’ म्हणत. पक्षाघातानंतर बाईंची वाचा गेली. नळीतून अन्न, पाठीवरच्या जखमा, दर दोन तासांनी कूस बदलणे असे साडेतीन महिने काढून त्या प्रभूघरी गेल्या. वर्ष होत आले तेव्हा चर्चच्या पाळकसाहेबांनी स्मरणार्थ उपासनेत पाच मिनिटे बोलण्याची विनंती लेकीला केली. आठवडाभर ती कोरा कागद घेऊन बसली आणि मग माझ्याकडे आली.

लोकांनी तिला सल्ले भरपूर दिले होते. “चांगले तेवढे आठव,” असे मावशी म्हणाल्या. तिच्या मुलाने इंटरनेटवर शोकाचे पाच टप्पे वाचून आईला चौथ्या टप्प्यावर बसवले होते. (ते टप्पे मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादांतून १९६९ मध्ये मांडले गेले. मागे राहिलेल्यांच्या शोकाचे ते वेळापत्रक नव्हे, हे मला वारंवार सांगावे लागते.) धाकट्या भावाने तर विश्वासणाऱ्यांनी रडू नये असे बजावले होते आणि आधार म्हणून बायबलमधील थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय दाखवला होता.

मी चांगल्या आठवणींकडे वळण्याची घाई केली नाही. पहिल्या दोन भेटींत तिने ते साडेतीन महिनेच सांगितले, कारण आजवर ते तिला पूर्ण सांगूच दिले गेले नव्हते. ती बोलू लागली की समोरचा माणूस “प्रभूची इच्छा” म्हणून विषय संपवत असे. दुसऱ्या भेटीच्या अखेरीस, आवाज अगदी खाली आणून, तिने सांगितले की एका रात्री आईच्या खाटेजवळ गुडघे टेकून तिने “हिला आता ने” अशी प्रार्थना केली होती आणि त्यानंतर चार दिवसांनी आई गेली. मी तिला दोषमुक्त केले नाही, कारण तो अधिकार माझा नाही. प्रियजनाचे हाल संपावेत असे वाटणे आणि ते माणूस जाऊ नये असे वाटणे या दोन्ही गोष्टी सेवा करणाऱ्याच्या मनात एकाच वेळी असू शकतात, एवढेच मी म्हटले. त्यावर ती बराच वेळ रडली.

भावाने दाखवलेल्या वचनाचा अर्थ सांगणेही मी टाळले. मी ख्रिस्ती नाही, आणि असते तरी समुपदेशकाच्या खुर्चीतून शास्त्रार्थ सांगणे मला योग्य वाटत नाही. मी तिला तो अध्याय पुन्हा वाचण्यास सांगितले. पुढच्या भेटीत तीच म्हणाली, “मॅडम, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नये असे तिथे आहे, शोकच करू नये असे नाही. आणि लाजराच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला होता.”

आता तिच्या मूळ प्रश्नाकडे येते. भीती आणि असहायता यांच्या प्रसंगी शरीरात स्रवणारी संप्रेरके त्या प्रसंगाची आठवण अधिक पक्की करतात, आणि येथे तर तेच दृश्य तिने शंभर दिवस रोज पाहिले होते. जुन्या आठवणी पुसल्या जात नाहीत, पण नुसते ‘आठव’ म्हटल्याने त्या येतही नाहीत. एखादा वास, सूर किंवा हाताळलेली वस्तू लागते. म्हणून कागद बाजूला ठेवून आईची एखादी वस्तू घेऊन येण्यास मी सुचवले.

तिने आईचे गीतांचे पुस्तक आणले. कोपरे झिजलेले होते आणि पाठीला कापडी पट्टी चिकटवलेली होती. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांची पाने सर्वांत मळलेली होती, कारण टाळ, तबला आणि पेटीवर म्हणता येणारी ही भजने बाईंना विशेष प्रिय होती. समासांत शिसपेन्सिलीने कोणाच्या लग्नात, कोणाच्या दफनविधीत कोणते गीत म्हटले याच्या तारखा होत्या. एका पानावर नाताळच्या करंज्यांसाठी लागणाऱ्या खोबऱ्याचा हिशेब होता, तर दुसऱ्यावर “पेटी फार वर लावली, सांगणे” असा शेरा होता. तो वाचताना ती हसली आणि मग थांबलीच नाही. उपदेश अर्ध्या तासापलीकडे गेला की बाई चाव्यांचा जुडगा फरशीवर ‘चुकून’ पाडत, आणि नवे पाळक त्या आवाजाचा अर्थ दोन-तीन रविवारांत शिकत.

त्यामागोमाग एक अवघड आठवण आली. या थोरल्या लेकीने मंडळीबाहेर लग्न केले म्हणून बाई तिच्याशी दोन वर्षे बोलल्या नव्हत्या. नातीच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी त्या डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्या दोन वर्षांचा उल्लेख त्यांनी मरेपर्यंत केला नाही, की माफीही मागितली नाही. माझ्या मते कोऱ्या कागदाचे कारण केवळ नळी नव्हते. दर रविवारी चर्चला जाणाऱ्या, सर्वांच्या लाडक्या बाईंचे निर्मळ चरित्र लिहायचे, तर या आईला त्यात जागा नव्हती आणि म्हणून लेकीलाही नव्हती. ही गोष्ट सभेत सांगावी का, असे तिने विचारले. सांगण्याची सक्ती नाही, पण लिहिताना ती वगळू नये, असे मी म्हटले.

तिच्या शोकाला मी आजाराचे नाव दिले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात ‘दीर्घकालीन शोक विकार’ आहे, परंतु त्यासाठी तीव्र ओढ किंवा मृत व्यक्तीचाच सतत ध्यास सहा महिन्यांहून अधिक काळ टिकावा लागतो, त्याची तीव्रता त्या समाजातील रीतीच्या मानाने स्पष्टपणे अधिक असावी लागते आणि रोजचे जगणेही विस्कळीत व्हावे लागते. तिची झोप उणी होती, पण नोकरी, घर आणि माणसे सुटली नव्हती. ती सुटली असती किंवा जगण्याची इच्छा उरली नसती, तर मी तिला तत्काळ मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते.

उपासनेनंतर ती एकदा येऊन गेली. पाच मिनिटांची बारा झाली होती. चाव्यांच्या गोष्टीवर पाळकसाहेबांसह सगळे हसले, आणि लाडवांच्या डब्यापाशी भाऊ रडला. दुपारी तीनला, नळीतून पेज देण्याच्या वेळी, तिला ते दृश्य अजून दिसते, पण पूर्वीसारखे दिवसभर दिसत नाही. गीतांचे पुस्तक कोणाकडे राहावे यावरून मात्र बहीणभावांत वाद सुरू झाला आहे. तो सोडवण्यास मी नकार दिला.