संगणक असूनही गुन्हेगारांचे सांकेतिक संदेश का सुटत नाहीत?

तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलंय: संदेश सुटला नाही म्हणजे लिहिणारा हुशार असणार. बहुतेक वेळा तसं नसतं. मजकूरच इतका तोकडा असतो की संगणकाला धरायला काही सापडत नाही.

झोडियाकचंच घ्या. कॅलिफोर्नियातल्या या खुन्याने जुलै 1969 मध्ये 408 चिन्हांचा संदेश तीन तुकडे करून तीन वृत्तपत्रांना पाठवला. तो आठवडाभरात फोडला डोनाल्ड आणि बेटी हार्डन या दांपत्याने, तेही कागद-पेन्सिलीवर. बेटीबाईंचा तर्क साधा होता: हा बढाईखोर माणूस, सुरुवात ‘मी’पासूनच करणार आणि ‘किल’ हा शब्द वापरणार. इंग्रजीत त्यात ‘एल’ दोनदा येतो, मग जोडीने येणारी चिन्हं शोधायची. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं, गणिताआधी माणूस ओळखला.

नोव्हेंबर 1969 चा 340 चिन्हांचा संदेश मात्र 51 वर्षं अडून राहिला. तिथे अक्षरांना चिन्हं दिली होतीच, शिवाय क्रमही फिरवला होता: बुद्धिबळातल्या घोड्यासारखं एक घर खाली, दोन घरं उजवीकडे. त्यात लिहिताना खुद्द झोडियाकच एके ठिकाणी चुकला! डिसेंबर 2020 मध्ये डेव्हिड ओरँचॅक, सॅम ब्लेक आणि यार्ल व्हान आयका यांनी वाचनाचे लाखो क्रम संगणकावर तपासून तो सोडवला. हाती काय लागलं? ‘मला पकडताना मजा येत असेल अशी आशा आहे’ छापाची बडबड. नाव नाहीच.

नाव असल्याचा दावा आहे तो एप्रिल 1970 च्या पत्रात: ‘माझं नाव आहे’ आणि पुढे फक्त 13 चिन्हं, त्यातली 8 वेगवेगळी. इथे सगळं अडतं. समजा मी △○△ लिहिलं. नयन? कनक? जलज? तिन्ही चपखल बसतात, आणि माझ्या मनात कुठला होता हे त्या तीन चिन्हांतून कळायला मार्गच नाही. 13 चिन्हांचंही तेच होतं. मीही एका रविवारी बसलो होतो, तासाभरात दोन नावं बसवली. दोन्ही माणसं बिचारी काल्पनिक. त्यामुळे ‘झोडियाकचं नाव सापडलं’ असं कुणी म्हटलं की मी एवढंच विचारतो, याच पद्धतीने आणखी किती नावं बसतात?

1948 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या सोमरटन किनाऱ्यावर एका अनोळखी माणसाचा मृतदेह सापडला; त्या प्रकरणातली इंग्रजी अक्षरं तर कदाचित सांकेतिक लिपीच नसावीत. अभ्यासकांना ती शब्दांची आद्याक्षरं वाटतात, म्हणजे बाजाराच्या यादीवर आपण लिहितो तसं ‘सा. ता. पो.’. ते आठवणीसाठी असतं, दुसऱ्याने वाचावं म्हणून नाही. 2022 मध्ये संशोधक डेरेक ॲबट यांनी तो माणूस कार्ल वेब असल्याचं जाहीर केलं, पण ते केसांतल्या डीएनएवरून. अक्षरं होती तिथेच आहेत.