पॉलिसायथेमिया व्हेरावर पर्यायी उपचारांचा उपयोग होतो का?

आपल्या वडिलांना पॉलिसायथेमिया व्हेरा (अस्थिमज्जा गरजेपेक्षा जास्त तांबड्या पेशी तयार करते असा रक्ताचा आजार) असून, दर काही आठवड्यांनी रक्त काढण्याऐवजी एखादा नैसर्गिक उपचार चालेल का, असे आपण विचारले आहे. ‘ऐवजी’ म्हणून विचारत असाल तर चालणार नाही. याच एका शब्दावरून माझा थोरल्या भावाशी वाद झाला होता आणि तो माझ्या मते अजून मिटलेला नाही.

मी या आजाराचा जुना रुग्ण आहे. पहिल्याच वर्षी वारंवार रक्त काढल्यामुळे माझ्या शरीरातील लोहाचा साठा संपत आला. तो आटला की अस्थिमज्जेला तांबड्या पेशी भराभर तयार करता येत नाहीत, आणि या आजारात तेच हवे असते. थकवा मात्र जीव नकोसा करतो. दादाने माझा अहवाल पाहिला, फेरिटिनच्या (शरीरातील लोहाचा साठा दाखवणाऱ्या) आकड्याखाली पेनाने दोन रेघा ओढल्या आणि दुसऱ्याच दिवशी वनौषधींचे टॉनिक आणून ठेवले. बाटलीवर ठळक अक्षरांत ‘रक्तवर्धक’ असे छापलेले होते. ज्याच्या अंगात आधीच रक्त उतू चालले आहे त्यानेच ते प्यावे, यातला विनोद त्या वेळी आम्हा दोघांच्याही लक्षात आला नाही. मागच्या बाजूला, बारीक टायपात, घटकांमध्ये लोह होतेच. दोन महिने मी ते सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे घेतले. थकवा कमी झाला, चेहरा लालबुंद झाला, आणि दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘बघा, कसे तेज आले आहे’ असे सांगू लागला. तांबड्या पेशी दाटल्यामुळे या आजारात चढते तीच ती लाली होती. तपासणीत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, ४३ टक्क्यांवरून ५१ वर गेलेला निघाला. तो ४५ टक्क्यांच्या खाली ठेवावा लागतो, अन्यथा गुठळ्या होऊन पक्षाघाताचा किंवा हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी ‘आणखी काही घेता का?’ असे विचारले असता मी ओशाळून ‘नाही’ म्हणालो. ही चूक सर्वस्वी माझी.

या आजाराचे मूळ मज्जेतील मूळ पेशीत असते. जॅक-२ जनुकातील ज्या बदलामुळे तो होतो, तो २००५ मध्ये उजेडात आला आणि जवळजवळ सर्व रुग्णांत आढळतो. कोणत्याही काढ्याने तो पुसला जात नाही. पूरक उपचार त्रास सुसह्य करण्यापुरते उपयोगी पडतात: मला रोजच्या चालण्याने व शवासनाने थकवा आवरता आला, आणि अंघोळीनंतर सुटणारी खाज पाणी कोमट ठेवल्याने व अंग न घासता टिपून घेतल्याने पुष्कळ उतरली.

वडील ॲस्पिरिन घेत असतील, तर लसणाच्या किंवा जिन्को या वनस्पतीच्या कॅप्सूलमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. रक्सोलिटिनिब हे या आजारावरचे औषध चालू असेल, तर सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती त्याचा प्रभाव घटवते. ॲक्युपंक्चरला माझा आक्षेप नाही. मात्र प्लेटलेट्स फारच वाढलेल्या असतील तर रक्त न थांबण्याचीही भीती असते, म्हणून आधी विचारून घ्यावे. जे काही घेत असतील त्याची बाटलीच डॉक्टरांपुढे ठेवावी, नुसते नाव सांगू नये.

लोहाची कमतरता असह्य झाल्यास काही डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली थोडे लोह देतात, हेही नोंदवणे भाग आहे. दादाने हे वाक्य वाचून आपला मुद्दा सिद्ध झाला असे समजू नये. ते डॉक्टर दर काही दिवसांनी हिमॅटोक्रिट तपासतात, चेहरा पाहून अंदाज बांधत नाहीत.