मदतीसाठी थांबलो आणि संशयित ठरलो : एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न : मी ६३ वर्षांचा निवृत्त शिक्षक असून लांजा तालुक्यात राहतो. गेल्या महिन्यात पत्नीसह मुंबईहून कारने परतताना रात्री साडेनऊच्या सुमारास कशेडी घाटात एक मोटारसायकल आडवी पडलेली दिसली. शेजारी एक तरुण विव्हळत पडला होता आणि त्याचे हेल्मेट दूर फेकले गेले होते. १०८ वर फोन केला, पण रुग्णवाहिका यायला वेळ लागेल असे कळल्यावर एका ट्रकचालकाच्या मदतीने आम्ही त्याला मागच्या सीटवर झोपवून खासगी रुग्णालयात नेले. तेथे माझ्याकडून १०,००० रुपये अनामत भरून घेतल्यावरच त्याला दाखल केले. आता त्याचे नातेवाईक म्हणतात की धडक मीच दिली, शिवाय चुकीच्या पद्धतीने उचलल्यामुळे त्याच्या मणक्याची इजा वाढली. पोलीस ठाण्यातून ‘जबाबाला या’ असे तीन फोन आले आहेत. त्याचे हेल्मेट अजून माझ्या डिकीत आहे. मी काय करावे?

उत्तर : आपण त्या रात्री थांबलात, हे योग्यच केलेत, आणि कायदाही तसेच मानतो. मात्र आपल्यावर घेतलेले आक्षेप दोन आहेत, त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत आणि ती एकमेकांत मिसळली तर नुकसान आपलेच होईल. ‘मी तर मदत केली’ हे चुकीच्या पद्धतीने उचलल्याच्या आक्षेपाचे पूर्ण उत्तर आहे. धडक दिल्याच्या आक्षेपाला ते पुरत नाही.

पहिला आक्षेप उचलण्याचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ घालण्यात आले. अपघातग्रस्ताला सद्भावनेने, स्वेच्छेने आणि कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता जागेवर मदत करणाऱ्या किंवा रुग्णालयात पोहोचवणाऱ्या माणसाला हे कलम ‘गुड समॅरिटन’ म्हणते. मदत करताना त्याच्या हातून निष्काळजीपणा घडला आणि त्यामुळे जखमीला इजा वा मृत्यू आला, तरीही त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, इतके हे संरक्षण व्यापक आहे. मणक्याला मार असल्याची शंका असेल तर जखमीला शक्यतो हलवू नये, आणि हेल्मेट डोक्यावर असेल तर श्वास अडत नसताना ते ओढून काढू नये, हे खरेच आहे. परंतु अंधाऱ्या घाटरस्त्यावर, मागून अवजड वाहने येत असताना आणि रुग्णवाहिका दूर असताना घेतलेला निर्णय नंतर वैद्यकाच्या निकषावर तोलला जाऊ नये, यासाठीच हे कलम आहे. त्यामुळे या आक्षेपाची चिंता आपण सोडून द्यावी.

दुसरा आक्षेप, म्हणजे धडक आपणच दिली हा, गंभीर आहे. कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते, अपघात घडवणाऱ्याला नाही. त्यामुळे आपली कार अपघातात होती की नाही याची चौकशी पोलीस करू शकतात आणि ती पुराव्यावरच सुटेल. एक गोष्ट येथे सांगतो, कारण नातेवाईकांचा सूर ‘धडक दिली नव्हती तर थांबलात कशाला’ असा असतो. ज्याच्या वाहनाने अपघात घडला त्या चालकावर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य त्याच कायद्याच्या कलम १३४ ने टाकलेले आहे, म्हणून अनेकांना थांबणे म्हणजे कबुली वाटते. तसे नाही, थांबणे हा कशाचाही पुरावा नव्हे.

पुरावा मात्र वेळेबरोबर नाहीसा होतो. आपण वाटेत कोठे चहाला किंवा पेट्रोलसाठी थांबला असाल, तर तेथील कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते. ते अजून शिल्लक असेल तर जपून ठेवण्याची लेखी विनंती त्या मालकाला आजच करा आणि तिची प्रत तपासी अंमलदारांना पाठवा. १०८ ला केलेल्या फोनची नोंद मोबाइलमधून काढू नका. ट्रकचालकाचा क्रमांक किंवा ट्रकवरील नाव आठवत असेल तर तारीख घालून लिहून ठेवा, कारण तो आपला सर्वांत मोलाचा साक्षीदार आहे. कारचा बंपर दुरुस्त करू नका आणि रंगकामही करू नका. उलट, परिवहन कार्यालयाच्या मोटार वाहन निरीक्षकांकडून कार आणि मोटारसायकल या दोन्हींची तपासणी व्हावी, अशी मागणी आपणच लेखी करा. धडक झाली असती तर एकीचा रंग दुसरीला लागला असता आणि खुणांची उंची जुळली असती. आपल्या कारवर तशी खूण नसेल तर निरीक्षकांचा अहवाल कोणत्याही युक्तिवादापेक्षा जास्त बोलेल.

आता जबाबाविषयी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६८ प्रमाणे मदत करणाऱ्याला नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. नियम १६९ प्रमाणे तो स्वेच्छेने साक्षीदार झाला तर त्याचा जबाब त्याच्या सोयीच्या वेळी व ठिकाणी, साध्या वेशातील अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. त्याखेरीज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७९ आपल्या बाजूने आहे. साक्षीदाराला लेखी आदेशानेच बोलावता येते, तेही तो त्या ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीत राहत असेल तर, आणि ६० वर्षांवरील पुरुषाला त्याच्या राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. कशेडी ते लांजा हे अंतर आणि आपले वय पाहता या दोन्ही बाबी आपल्याला लागू पडतात.

तरीही जबाब टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नाव गुप्त ठेवण्याचा हक्क येथे उपयोगाचा राहिलेला नाही, आणि मौनाचा अर्थ पळवाट असा लावला जाईल. ‘मी जबाब देण्यास तयार आहे, तो माझ्या घरी घ्यावा’ असे पत्र नोंदणीकृत टपालाने पाठवा. जबाब स्वतः वाचून पाहा. त्यावर सही करायची नसते, हे त्याच संहितेचे कलम १८१ सांगते, म्हणून कोरा किंवा अर्धवट लिहिलेला कागद पुढे आला तर नम्रपणे नकार द्या. आपल्याला लेखी नोटीस आली आणि ती त्याच संहितेच्या कलम ३५(३) खाली असेल, तर आपल्याकडे साक्षीदार म्हणून नव्हे, संशयित म्हणून पाहिले जात आहे. त्या नोटिशीला वयाची ही सवलत लागू नाही, ती पाळलीच पाहिजे, मात्र वकील बरोबर घेऊन जावे. भारतीय न्याय संहितेतील या प्रकारचे गुन्हे, म्हणजे कलम २८१ व १२५, जामीनपात्र आहेत. अटकपूर्व जामिनासाठी धावपळ करण्याचे कारण नाही.

अनामतीचे पैसे परत मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. जखमीचा नातेवाईक नसलेल्या मदतकर्त्याकडून दाखल करण्यापूर्वी पैसे मागू नयेत, ही केंद्राची मार्गदर्शक सूचना सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी बंधनकारक केली. पावतीची प्रत जोडून रुग्णालयाला लेखी मागणी करा आणि त्याच पत्रात, जखमीला आपण किती वाजता व कोठून आणले याची पोच मागा. ती पोच मिळणे १०,००० रुपयांपेक्षा महत्त्वाचे आहे.

नातेवाईकांना मात्र ‘मिटवून टाकू’ म्हणून एक रुपयाही देऊ नका. ती रक्कम पुढे दोषाची कबुली म्हणून दाखवली जाईल. त्यांच्याबद्दल राग धरू नये, एवढी विनंती मी जरूर करीन. मुलगा रुग्णालयात असलेले घर खर्चाच्या ओझ्याखाली असते, आणि विमा असलेली एकमेव कार समोर दिसते ती आपली. अज्ञात वाहनाने धडक दिली असेल तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६१ खाली गंभीर इजेसाठी ५०,००० रुपयांची भरपाई मिळते, आणि २०२५ च्या रोकडरहित उपचार योजनेत मान्यताप्राप्त रुग्णालयात पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार होऊ शकतात. ही माहिती आपल्या वकिलांमार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

राहिले हेल्मेट. ते धुऊ नका, पुसू नका, परस्पर नातेवाईकांनाही देऊ नका. कायद्याने हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट बांधलेला असावा लागतो. पट्टा तुटला की बांधलाच नव्हता, आणि आघात कोणत्या बाजूने झाला, हे त्या हेल्मेटवरून कळू शकते. ते कोरड्या कागदी वेष्टनात ठेवा, आज त्याची छायाचित्रे काढा, आणि जबाब घ्यायला अधिकारी घरी येतील तेव्हा जप्ती पंचनामा करवून त्यांच्या ताब्यात द्या व पंचनाम्याची प्रत मागून घ्या.