रिअल-टाइम म्हणजे जलद नव्हे

प्रश्न असा आहे: टेलिफोन सर्व्हरवरच्या 'रिअल-टाइम कर्नल'ला (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा मुख्य भाग) 'जलद गाभा' म्हणावे का, आणि तो 'स्थिर' आहे म्हणजे काय?

'जलद' तर मुळीच नको. ही चूक रोज कानावर येते आणि रोज खटकते. रिअल-टाइम कर्नल एकूण काम साध्या कर्नलपेक्षा बहुधा थोडे कमीच उरकतो, पण मुदत चुकवत नाही. टेलिफोनचा आवाज अंकांत बदलण्याच्या जी.711 पद्धतीत तो साधारणपणे दर 20 मिलिसेकंदांनी 160 बाइटच्या पाकिटात जातो. एखादे पाकीट उशिरा निघाले की आवाज तुटतो, मग सरासरी कितीही उत्तम असो. यासाठी आपल्याकडे 'वक्तशीर' हा बावनकशी शब्द आहे. हिंदीतून उचललेल्या 'वास्तविक समय'चा आग्रह मला मान्य नाही, कारण मुदत पाळण्याचा अर्थ त्यात कुठेच नाही.

खरा आनंद 'कर्नल'मध्ये आहे. लष्करातला कर्नल इटालियन 'कोलोन्नेल्लो'वरून, म्हणजे सैन्याच्या स्तंभावरून आला. त्याचा याच्याशी संबंध नाही. संगणकातला कर्नल म्हणजे 'कॉर्न'चे जुन्या इंग्रजीतले लघुरूप, छोटा दाणा. कॉर्न आणि लॅटिन 'ग्रानुम' ज्या धातूतून निघाले, त्याचा अर्थ पिकणे, वय होणे. संस्कृतातले 'जीर्ण' आणि 'जूर्ण' त्याचेच. जूर्णचे प्राकृतात 'जुण्ण' झाले आणि मराठीत 'जुना'. म्हणजे कर्नल आणि जुना हे सख्खे चुलतभाऊ! पिकला तो दाणा, पिकला तो म्हातारा; आपण 'पिकलं पान' म्हणतोच.

म्हणून 'गाभा' मला पटत नाही. तो 'गर्भ'वरून आला, केळीच्या सोपटांआड असतो. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये कर्नलभोवती आज्ञा घेणारे शेल असते, म्हणजे कवच. कवच फोडल्यावर बदामातून निघतो तो मगज. जोडी जुळते ती 'कवच आणि मगज' अशीच, आणि कोशकारांनी ती मोडू नये.

आता 'स्थिर', म्हणजे भार पडला तरी मुदत न चुकवणारा. रिअल-टाइमची जोडणी 2024 मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या 6.12 आवृत्तीत मुख्य कोडात आली, तरी बाहेरून बसवलेले कार्डांचे ड्रायव्हर, म्हणजे कार्डे चालवणारे प्रोग्रॅम, घात करू शकतात. साध्या कर्नलमध्ये स्पिनलॉकसाठी (एका वेळी एकालाच मिळणाऱ्या कुलपासाठी) थांबलेला धागा, म्हणजे कामाचा एक स्वतंत्र प्रवाह, झोपत नाही; रिअल-टाइममध्ये झोपू शकतो. ड्रायव्हरने आधी प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून दुसऱ्याला वाव देणे) बंद करून तोच लॉक मागितला, तर 'शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक'ची, म्हणजे मनाई असताना झोपल्याची, तक्रार लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत) उमटते. दुसरी चूक प्राथमिकतेची. इंटरप्टचे, म्हणजे उपकरणांच्या हाकांना उत्तर देणारे, धागे मुळात 50 वर असतात; आकडा मोठा त्याचा मान आधी. आवाजाचा प्रोग्रॅम 90 वर नेला आणि तो प्रोसेसरच्या त्याच कोअरवर (गणन-भागावर) न थांबता गरगरत राहिला, की नेटवर्क कार्डाचा धागा उपाशी राहतो आणि कॉल गळतात.

तपासताना सर्व्हरवर खऱ्या कॉलइतका भार टाकून सायक्लिकटेस्ट हा उशीर मोजणारा प्रोग्रॅम काही तास चालवा आणि फक्त 'कमाल'चा रकाना वाचा. मगज वक्तशीर आहे की नाही, ते तिथे कळते.