साठ-सत्तर वर्षांच्या पापाला कायमचा नरक, हा न्याय म्हणायचा का?

मला तरी नाही पटत. माणूस कितीही नालायक असू दे, त्याने केलेल्या वाईटाला कुठेतरी शेवट असतो, मग शिक्षेलाच शेवट नाही म्हटल्यावर हिशोब बसणार कसा?

यावर १३व्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसचं उत्तर असं की देव अनंत आहे म्हणून त्याच्याविरुद्धचा अपराधपण अनंत. ऐकायला भारी वाटतं, पण समोरचा मोठा म्हणून गुन्हा मोठा हे लॉजिक राजेशाहीतलं झालं, आज कोर्टात कोण ऐकून घेईल?

आमच्या गिरगावच्या चाळीत कोणी गेलं की त्यांच्याकडे गरुडपुराण लावायचे, आणि गुरुजी कुंभीपाकातलं उकळतं तेल असं रंगवून सांगायचे की आम्हा पोरांना नंतर जेवण जायचं नाही, पण त्यातसुद्धा भोग संपले की जीव पुन्हा जन्माला येतो, म्हणजे सुटका आहे. (अपवाद वैष्णव तत्त्वज्ञ मध्वाचार्य, त्यांच्या मते काही जीव कायमचेच अंधतमसात, म्हणजे घोर अंधाराच्या नरकात.) आपल्याकडे जन्मठेपही कायद्याने मरेपर्यंतच असते, तरी बहुतेक केसेसमध्ये १४ वर्षांनंतर सरकार सुटकेचा विचार करू शकतं.

त्यातल्या त्यात दमदार मुद्दा एकच, की पापी माणूस नरकातही देवाला नाकारतच राहतो म्हणून शिक्षाही चालू राहते. ठीक आहे, पण मग उद्या त्याला पश्चात्ताप झाला तर दार उघडायला हवं ना? आणि पारंपरिक ख्रिस्ती मत तर सांगतं की मेल्यानंतर तो चान्सच नाही.